डुकरांचा ताप आणि लशीची परीक्षा

‘डॉक्टर, ही लस नक्की लागू पडते ना?’ हा प्रश्न मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे. मांडीवर रडणारे मूल, हातात लसीकरणाचे कार्ड आणि बाहेर बाकावर ताटकळत बसलेले दहा-बारा रुग्ण, अशा वेळी ‘हो’ एवढेच उत्तर देता येते. आईलाही तेवढेच हवे असते. परंतु कोरोनाच्या साथीनंतर लोक पुढचा प्रश्न विचारू लागले आहेत. ‘दोन्ही डोस घेऊनही आमच्या घरातल्या तिघांना कोरोना झाला, मग लस लागू पडली असे कसे म्हणायचे?’ प्रश्न रास्त आहे. लस ‘लागू पडली’ म्हणजे नेमके काय झाले आणि ते कोणी, कसे तपासले, हे सांगायला सवड लागते. आजचे सदर त्यासाठीच आहे.

हे समजावून सांगण्यासाठी मी माणसाचे नव्हे, डुकराचे उदाहरण घेणार आहे. डुकराचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या वाचकांनी थोडा धीर धरावा. कारण असे, की लशीची खरी परीक्षा म्हणजे लस टोचल्यावर मुद्दाम रोगाचा विषाणू अंगात सोडायचा आणि काय होते ते पाहायचे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हेच केले. आधी गाईच्या देवीची लस टोचली आणि सुमारे दीड महिन्याने त्याला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला. मुलगा आजारी पडला नाही. जेन्नरचे नाव अजरामर झाले. पण आज जिवावर बेतणाऱ्या रोगाबाबत कोणी असा प्रयोग करू धजला, तर त्याला तुरुंगातच जावे लागेल. म्हणून माणसांत दुसरा मार्ग घ्यावा लागतो. १९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली, तीत सुमारे १८ लाख मुले होती. बऱ्याच मुलांना लस, बऱ्याच मुलांना नुसते पाणी, आणि मग पोलिओ आपल्या पावलांनी येण्याची वाट पाहायची. डुकरांत मात्र थेट परीक्षा घेता येते. त्यामुळे लशीच्या संरक्षणाचे सगळे बारकावे तिथे उघडे दिसतात.

उदाहरणासाठी मी जो रोग घेतो आहे त्याला इंग्रजीत पूर्वी ‘हॉग कॉलरा’ म्हणत आणि आता ‘क्लासिकल स्वाइन फीवर’ म्हणतात. आपण त्याला डुकरांचा ताप म्हणू. ‘कॉलरा’ हे नाव फसवे आहे. आपल्या पटकीशी याचा काही संबंध नाही. आणि आधीच स्पष्ट करून टाकतो, की हा रोग माणसाला होत नाही. २००९ साली पुण्यात ज्याने हाहाकार उडवला तो स्वाइन फ्लू वेगळा, तो इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू. डुकरांच्या अंगात वाढून डासांमार्फत माणसाकडे येणारा जपानी मेंदूज्वर आणखी वेगळा. त्याचे रुग्ण आपल्या विदर्भातील धानपट्ट्यात आढळले आहेत. या तिघांची गल्लत सुशिक्षित माणसेही करतात.

डुकरांच्या तापात जनावराला १०५-१०६ अंशांच्या वर ताप चढतो. खाणेपिणे सुटते. आठ-दहा डुकरे एकमेकांवर रेलून थरथरत पडून राहतात. डोळ्यांतून चिकट पाणी येते, आधी मलावरोध होतो आणि मग जुलाब लागतात, कानांवर व पोटावर जांभळे डाग उमटतात, मागचे पाय लटपटू लागतात. तीव्र स्वरूपाचा रोग असेल तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जनावरे दगावतात. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात तो माणसाच्या बुटांवरून, गाडीच्या चाकांवरून, हॉटेलच्या उष्ट्या खरकट्यातूनही जातो.

कबुतरे वाचली, डुकरे मेली

अमेरिकेत हा रोग १८३० च्या दशकात ओहायो राज्यात दिसला आणि पुढे रेल्वेने जनावरांची ने-आण वाढली तसा सगळीकडे पसरला. मका पिकवायचा, तो डुकरांना घालायचा आणि डुकरे विकून कर्ज फेडायचे, असे तिथल्या शेतकऱ्याचे गणित होते. डुकरे मेली की वर्ष बुडाले. आपल्याकडे ऐन हंगामात बैल दगावल्यावर शेतकऱ्याच्या घरी जी अवकळा येते, तशीच ती समजा.

१८८५-८६ च्या सुमारास अमेरिकेच्या शेती खात्यातील डॅनियल सालमन आणि थिओबाल्ड स्मिथ या दोघांनी मेलेल्या डुकरांच्या आतड्यांतून एक जंतू वेगळा काढला आणि हाच रोगाचे कारण असे जाहीर केले. सालमन साहेबांच्या नावावरूनच पुढे त्या जंतूंच्या कुळाला ‘साल्मोनेला’ हे नाव पडले. आपल्या ओळखीचा विषमज्वर ज्याने होतो तो जंतू याच कुळातला. या दोघांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी ते जंतू उष्णतेने मारले, मेलेले जंतू कबुतरांना टोचले आणि नंतर त्याच कबुतरांना जिवंत जंतू टोचले. कबुतरे वाचली. मेलेल्या जंतूंपासूनही लस करता येते, हे यातून सिद्ध झाले. पटकीची, विषमज्वराची जुनी लस याच तत्त्वावर होती.

वाचकांनी इथे जरा थांबून विचार करावा. प्रयोग चोख होता. संरक्षण खरे होते. पण शेतावर जाऊन पाहिले तर डुकरे मरतच होती! कारण तो जंतू रोगाचा मूळ कर्ता नव्हताच. विषाणूने डुकराची प्रतिकारशक्ती खिळखिळी केली, की हा जंतू मागाहून शिरत होता. घरफोडी एकाने करावी आणि उघड्या दारातून आत शिरलेला दुसराच पकडला जावा, तसे झाले. लस एका शत्रूवर तपासली आणि लढाई दुसऱ्याशी होती. प्रयोगशाळेतील यश वाचून हुरळून जाणाऱ्यांनी ही कबुतरे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. आजही वर्तमानपत्रात ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ अशी बातमी आली, की दुसऱ्या दिवशी दोन-चार रुग्ण ते औषध मागायला येतात.

खरा कर्ता १९०३ साली हाती लागला. एमिल द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकरांचे रक्तद्रव इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळले, की त्यातून कोणताही जंतू पलीकडे जाऊ शकत नव्हता. गाळलेले ते पाणी निरोगी डुकरांना टोचले. डुकरे आजारी पडली. म्हणजे रोग जंतूहूनही लहान अशा कशाने तरी होत होता. त्यालाच आपण आज विषाणू म्हणतो. आणखी एक निरीक्षण होते. जी थोडी डुकरे या रोगातून उठत, त्यांना तो पुन्हा होत नसे.

या दुसऱ्या निरीक्षणावर डॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची इमारत उभी केली. रोगातून उठलेल्या डुकराला विषाणूने भरलेले रक्त भरपूर प्रमाणात टोचायचे. त्याला काही होत नसे, उलट त्याच्या रक्तात प्रतिपिंडे प्रचंड वाढत. मग त्याच्या शेपटीचे टोक कापून रक्त जमा करायचे. काही दिवसांनी पुन्हा थोडे कापायचे, पुन्हा रक्त घ्यायचे. या रक्तापासून केलेले ‘सीरम’ निरोगी डुकराला टोचले की तो वाचे. साप चावल्यावर आपण घोड्याच्या रक्तापासून बनवलेली जी लस देतो, तिचे तत्त्व हेच. आयोवा राज्यात एम्स गावाजवळ १९०७ साली शेतांवर त्याच्या चाचण्या झाल्या. डॉर्सेट यांनी पेटंट घेतले, पण ते सर्वांना फुकट वापरता येईल अशा रीतीने. आजच्या काळात हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल.

शेतकऱ्यांचा विश्वास मात्र अहवाल वाचून बसत नाही. तो आपल्याकडेही बसत नाही. म्हणून १९१० साली नेब्रास्का राज्यात ओमाहाच्या जनावरांच्या बाजारात एक जाहीर प्रयोग झाला. रोग न शिवलेल्या शेतावरून एकाच वयाची पिल्ले विकत घेतली. त्यांतील थोड्या पिल्लांना रोग टोचला. ती तापाने फणफणू लागल्यावर उरलेल्यांपैकी काहींना सीरम दिले, काहींना काहीच दिले नाही, आणि सगळ्यांना आजारी पिल्लांबरोबर एकाच आवारात कोंडले. खाणे तेच, पाणी तेच, चिखल तोच. ज्यांना सीरम दिले नव्हते ती आजारी पडली. सीरम दिलेली धडधाकट राहिली. बाजारात आलेल्या माणसाला लिहिता-वाचता येत नसले तरी हा निकाल कुंपणावरून दिसत होता.

ज्या पिल्लांना काहीच दिले नाही, त्यांना आम्ही ‘तुलनेचा गट’ म्हणतो. त्यांच्याशिवाय प्रयोगाला कवडीची किंमत नाही. समजा, सगळ्यांनाच सीरम दिले असते आणि सगळीच वाचली असती, तर काय सिद्ध झाले असते? कदाचित विषाणूच कमजोर असेल, कदाचित त्या वर्षी साथच आली नसती. गावोगाव ‘अमुक काढा घेतला आणि कोरोना झाला नाही’ असे सांगणारे भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की काढा न घेतलेल्या किती जणांना झाला, ते मोजले का?

बनावट बाटल्या

सीरमची मागणी वाढली तसे ते बनवणारे कारखानेही वाढले. काहींचा माल चांगला होता, काहींच्या बाटलीत शक्ती नव्हती, तर काहींच्या बाटलीतून रोगच पसरला. सीरम एकट्याने दिले तर संरक्षण काही आठवडेच टिके. म्हणून त्याबरोबर थोडा जिवंत विषाणूही टोचण्याची पद्धत रूढ झाली. तसे केल्याने डुकराला आयुष्यभराची प्रतिकारशक्ती येई. पण सीरम कमजोर निघाले तर तोच टोचलेला विषाणू डुकराला मारी आणि शेजारच्या गोठ्यातही जाई. १९१३ साली अमेरिकेत या रोगाने साठ लाखांच्या घरात डुकरे मेली. त्याच वर्षी तिथल्या संसदेने जनावरांच्या लशी व सीरम यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. लस विकण्यापूर्वी तिची शक्ती सिद्ध करून दाखवा, असा आग्रह त्यातून रुजला. माणसाच्या औषधांच्या बाबतीत ‘आधी गुण सिद्ध करा, मग विका’ अशी कायद्याची सक्ती तिथे १९६२ साली आली. म्हणजे अमेरिकेत डुकराची लस माणसाच्या गोळीच्या किती आधी परीक्षेला बसली, पाहा!

पुढे विषाणू सौम्य करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९४६ साली हिलरी कोप्रोवस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि स्वतंत्रपणे बेकर यांनी हा विषाणू सशांमध्ये वाढवून दाखवला. एका सशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा तो नेत राहिले, की विषाणूला सशाची सवय होते आणि डुकराला मारण्याची खोड जाते. हेच कोप्रोवस्की १९५० साली तोंडातून देण्याची जिवंत पोलिओ लस पहिल्यांदा माणसाला देणारे. आपण आपल्या मुलांना जे ‘दो बूंद’ पाजले, त्यांच्यामागे अशा सशांचे आणि डुकरांचेही थोडेफार देणे आहे. १९५० च्या दशकात चीनमध्ये शास्त्रज्ञांनी शेकडो सशांतून नेऊन एक वाण तयार केला. त्याला ‘सी-स्ट्रेन’ म्हणजे चिनी वाण म्हणतात. डुकरांच्या तापावर आजवर निघालेल्या लशींत तो उत्तम मानला जातो.

शक्ती मोजतात कशी?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पूर्ण मात्रा टोचून डुक्कर वाचले, एवढ्याने लशीची शक्ती कळत नाही. दहा किलो उचलणारा आणि शंभर किलो उचलणारा असे दोन पैलवान एक किलोचे वजन सारख्याच सहजतेने उचलतील. फरक कळायला वजन वाढवावे लागते. लशीत उलटे करतात, लस पातळ करतात.

युरोपातील प्रमाणित पद्धत अशी. सहा ते दहा आठवडे वयाची, या रोगाची प्रतिपिंडे अंगात नसलेली पिल्ले घ्यायची. पाच पिल्लांना पूर्ण मात्रेचा चाळिसावा हिस्सा टोचायचा. दुसऱ्या पाचांना एकशेसाठावा हिस्सा. दोन पिल्लांना काहीच नाही. चौदा दिवस थांबायचे. मग बाराही पिल्लांना मारक विषाणूची ठरलेली, मोजलेली मात्रा टोचायची आणि पुढचे चौदा दिवस रोज ताप पाहायचा, लक्षणे लिहायची. लस न दिलेली दोन पिल्ले आजारी पडलीच पाहिजेत, नाहीतर परीक्षाच रद्द. उरलेल्या दहांत कोण वाचले, यावरून गणित मांडतात. लशीचा जेवढा अंश टोचला असता निम्मी डुकरे वाचतात, तेवढ्याला संरक्षणाचे एक माप धरतात. एकशेसाठाव्या हिश्श्याने निम्मी वाचली तर त्या एका मात्रेत अशी १६० मापे आहेत. चांगल्या लशीच्या एका मात्रेत निदान १०० मापे असावीत असा दंडक आहे.

वाचक विचारतील, शंभरपट कशाला? माप एक असले तर निम्मीच वाचतात, हे एक कारण. दुसरे कारण दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला लगेच पटते. कारखान्यातून निघालेली बाटली बर्फाच्या पेटीतून, एसटीच्या टपावरून, लोडशेडिंगमध्ये बंद पडलेल्या फ्रिजमधून शेवटी सुईपर्यंत पोचते. वाटेत जिवंत लशीची शक्ती घटत जाते. शिवाय प्रत्येक जनावराची तब्येत सारखी नसते. म्हणून परीक्षा प्रयोगशाळेत घेतली तरी शिदोरी मात्र या सगळ्या प्रवासाला पुरेल एवढी बांधून द्यायची.

या परीक्षेत डुकरांना यातना होतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हल्ली ठराविक लक्षणे दिसताच जनावराला वेदना न होऊ देता मारतात आणि एकदा लस सिद्ध झाली की प्रत्येक नव्या बॅचला अशी परीक्षा न घेता त्यातील विषाणूचे प्रमाण मोजून भागवतात. हे योग्यच आहे. परंतु पहिली परीक्षा टाळता येत नाही, असे माझे मत आहे. ती टाळली तर तीच परीक्षा हजारो शेतकऱ्यांच्या गोठ्यात, त्यांच्या खर्चाने होते.

वाचले, पण रोग पसरवला का?

कोरोनाच्या प्रश्नाचे उत्तर इथून पुढे आहे. लस दिलेल्या डुकराला विषाणू टोचल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. एक, विषाणू अंगात रुजतच नाही. दोन, रुजतो पण जनावर आजारी पडत नाही, मात्र नाकातोंडातून काही दिवस विषाणू बाहेर टाकते. तीन, जनावर आजारी पडते पण मरत नाही. तिन्ही प्रकारांत मालक म्हणतो, ‘माझे डुक्कर वाचले.’ शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून दुसरी परीक्षा आली. लस दिलेल्या गटातील काही डुकरांना विषाणू टोचायचा आणि त्यांना गटातील बाकीच्यांबरोबर ठेवायचे. रोग किती जणांना लागतो ते मोजायचे. एका डुकराकडून सरासरी एकाहून कमी डुकरांना लागण होत असेल, तर साथ आपोआप विझते. नेदरलँड्समधील संशोधकांनी डुकरांच्याच औजेस्की नावाच्या दुसऱ्या रोगावर १९९४ साली ही रीत व्यवस्थित मांडली. कोरोनाच्या लशींनी मृत्यू आणि गंभीर आजार मोठ्या प्रमाणात टाळले. लागण आणि फैलाव थांबवण्यात त्या तेवढ्या पक्क्या ठरल्या नाहीत. आपल्या घरातील तिघांना कोरोना होऊन तिघेही आठवड्यात उठून बसले असतील, तर ती लस वरच्या तिसऱ्या प्रकारात आपले काम करून गेली.

तिसरी परीक्षा गाभण डुकरिणीची, आणि ती सर्वांत अवघड. डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. गर्भारपणाच्या मधल्या काळात तिला लागण झाली तर ती स्वतः कदाचित जेमतेम आजारी पडेल. पण विषाणू वारेतून गर्भात जातो. काही पिल्ले मेलेली जन्मतात, काही थरथरणारी. काही मात्र चक्क निरोगी दिसतात, कित्येक आठवडे-महिने विषाणू सगळीकडे फेकत राहतात आणि शेवटी मरतात. त्यांच्या शरीराने विषाणूला जन्माआधीच ‘आपला’ मानलेले असते, म्हणून ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतच नाहीत. गरोदर स्त्रीला जर्मन गोवर झाला तर तिला किरकोळ पुरळ येते आणि बाळ मात्र मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष घेऊन जन्मते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रकार लगेच उमगेल. लशीने आई वाचली, पण गर्भ वाचला का, हे वेगळे तपासावेच लागते.

हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते युरोपात दिसले. तिथल्या देशांनी १९९० च्या सुमारास नेहमीचे लसीकरण थांबवले होते. कारण सी-स्ट्रेनची लस दिलेल्या आणि खरोखर रोग झालेल्या डुकराच्या रक्तातील प्रतिपिंडे सारखीच दिसतात. मग निर्यात करताना रोगमुक्त असल्याची खात्री देता येत नाही. १९९७-९८ साली नेदरलँड्समध्ये साथ आली. ४२९ गोठ्यांत रोग सापडला आणि तो आटोक्यात आणताना सुमारे एक कोटी डुकरे मारावी लागली. त्यांतील बहुसंख्य निरोगी होती! त्यानंतर विषाणूच्या एकाच प्रथिनापासून बनवलेल्या, रक्ततपासणीत ओळखता येईल अशा नव्या लशींची कसून परीक्षा झाली. साधी पिल्ले त्यांनी वाचवली. पण संरक्षण यायला सी-स्ट्रेनपेक्षा जास्त दिवस लागत, आणि गाभण डुकरिणींत काही वेळा विषाणू गर्भापर्यंत पोचलाच. सोय होती, ताकद कमी पडली. म्हणून जुनी, सशांतून घडलेली लस आजही आपली जागा राखून आहे.

आईच्या दुधाचीही एक अडचण आहे. लस दिलेल्या डुकरिणीच्या चिकातून पिल्लांना प्रतिपिंडे मिळतात. ती असताना लस टोचली तर प्रतिपिंडे लशीच्या विषाणूलाच निकामी करतात आणि लस वाया जाते. फार उशीर केला तर मधल्या काळात पिल्लू उघडे पडते. आपल्या मुलांना गोवराची लस जन्मतः न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात, असे विचारणाऱ्या आयांना हेच उत्तर आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरेपर्यंत थांबावे लागते.

घाई केल्यावर काय होते

डुकरांचा आणखी एक ताप आहे, आफ्रिकन स्वाइन फीवर. लक्षणे जवळपास सारखी, विषाणू मात्र अगदी वेगळ्या कुळातला आणि जास्त चिवट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमध्ये सौम्य केलेल्या विषाणूची लस लाखो डुकरांना टोचली. डुकरे लगेच मेली नाहीत, म्हणून लस चांगली असे वाटले. पुढे त्यांतील असंख्य जनावरांना न्यूमोनिया, सांधे सुजून येणारा लंगडेपणा, कातडीवरील जखमा असा रेंगाळणारा आजार जडला आणि रोगवाहक डुकरे तयार झाली. ‘मेले की वाचले’ एवढेच पाहून भागत नाही, किती दिवस पाहिले तेही विचारावे लागते.

हा रोग २०१८ साली चीनमध्ये आणि २०२० साली आपल्याकडे आसाम-अरुणाचलात शिरला. व्हिएतनामने २०२२ साली एक जनुक काढून टाकलेल्या विषाणूची लस वापरायला घेतली. ती आधी मर्यादित, देखरेखीखाली द्यायची होती. काही ठिकाणी ती सांगितलेल्या वयाच्या, प्रकारच्या डुकरांबाहेर दिली गेली आणि शेकडो डुकरे मेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वापर थांबवून पुन्हा तपासणी झाली. २०२३ साली मोठ्या वापराला परवानगी मिळाली ती पिल्लांच्या ठराविक गटासाठी. ज्या गटावर परीक्षा झाली त्याच गटाबद्दल निकाल बोलतो, बाकीच्यांबद्दल तो मुका असतो. बाळाच्या औषधाची बाटली मोठ्या भावाला अंदाजे पाजणाऱ्या पालकांना मी हेच सांगत असतो.

आपल्या देशात डुकरांच्या साध्या तापावर १९६० च्या दशकापासून सशांतून केलेली वेब्रिज वाणाची लस वापरात होती. एका सशापासून जेमतेम ५० मात्रा मिळत. देशाची गरज वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची आणि उत्पादन सुमारे १२ लाखांचे, अशी सरकारनेच दिलेली आकडेवारी होती. याचा अर्थ ईशान्येतील ज्या आदिवासी घरात दोन डुकरे हीच शिल्लक, मुलीचे लग्न आणि शाळेची फी, त्या घरापर्यंत लस पोचतच नव्हती. अशा लशीची शक्ती कितीही मापांची असली तरी त्या घरासाठी ती शून्यच. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींवर वाढवलेली, सशांची गरज नसलेली लस २०२० साली पुढे आणली. तिची किंमत मात्रेला दोन रुपयांहून कमी पडेल असे तेव्हा सांगण्यात आले.

आपल्या भागातही काही कुटुंबे डुकरे पाळतात आणि हे सदर त्यांच्या घरीही वाचले जाते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी लशीची बाटली पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावी, ती बर्फात ठेवलेली होती की टेबलावर हे डोळ्यांनी पाहावे, आणि मिसळलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. तापलेल्या डुकराला लस टोचू नये. पिल्लांना कोणत्या आठवड्यात टोचायचे ते डुकरिणीला लस दिलेली आहे की नाही हे सांगून डॉक्टरांनाच विचारावे. खानावळीतील खरकटे घालायचेच असेल तर ते अर्धा तास खळखळ उकळून, थंड करून घालावे. दोन्ही तापांचे विषाणू उकळण्याने मरतात. नवे डुक्कर आणले तर तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. एकाच वेळी दोन-तीन जनावरे खाणे सोडून पडली तर ती घाईघाईने बाजारात नेऊन विकू नयेत, आधी दवाखान्यात कळवावे. मेलेले जनावर ओढ्यात न टाकता वस्तीपासून दूर, विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.